स्टेटर बदलण्याआधी मीटर बाहेर काढा

वाचकाचं पत्र: "माझ्याकडे सोळा फुटी फायबरची होडी आहे आणि तिला सेकंडहँड घेतलेलं ४० अश्वशक्तीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. सेल्फ आहे. दोन-तीन फेऱ्या झाल्या की बॅटरी इतकी उतरते की सेल्फ नुसता टक-टक करतो आणि शेवटी दोरी ओढावी लागते. बॅटरी नवी घातली, तिचीही तीच गत. पॅनलवरचा व्होल्टमीटर मशीन चालू असतानाही १२.२ च्या वर जात नाही. टॅकोमीटर मधेच शून्यावर येतो, काचेवर टिचकी मारली की जागा होतो. आणि चालतो तेव्हा पूर्ण रेसला ६,६०० दाखवतो, मशीनची मर्यादा ५,५०० असताना. इंधनाचा काटा कायम 'फुल'वर. आम्ही दिवसभर हळू वेगात गळ ओढत फिरतो, फिश फाइंडर आणि पाण्याचा पंप चालू असतो. मेकॅनिक म्हणतो, स्टेटर जळलाय, बदला. बदलू का? आणि बॅटरी पुन्हा घ्यायचीच तर लिथियमची घेऊ का?"

स्टेटर इतक्यात बदलू नका. मेकॅनिक चुकतोय असं मी म्हणत नाही, पण त्याने मीटर लावून एकही माप घेतल्याचं तुमच्या पत्रात दिसत नाही. स्टेटर, म्हणजे वीज तयार करणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या, बसलेला असतो फ्लायव्हीलच्या खाली. तो काढायचा तर फ्लायव्हील ओढून काढावं लागतं, पुलर लागतो, परत बसवताना नट ठरलेल्या टॉर्कला आवळावा लागतो. एवढा घाट घालण्याआधी पुरावा हवा, आणि तुमच्या पत्रातला पहिला पुरावा तर स्टेटरच्याच बाजूने बोलतोय.

तो कसा, ते सांगतो. तुमच्या पिढीच्या मशीनांत टॅकोमीटरला, म्हणजे मशीनचे फेरे दाखवणाऱ्या घड्याळाला, वेगळा सेन्सर नसतो. फ्लायव्हीलच्या आतल्या चुंबकांमुळे स्टेटरच्या गुंडाळ्यांत एसी करंट तयार होतो, त्याचे पल्स मोजूनच तो काटा हलतो. काटा हलतोय याचा अर्थ निदान त्या क्षणी स्टेटर काहीतरी देतोय. हा पुरावा अर्धाच आहे हेही खरं. गुंडाळी थोडी शॉर्ट असली तरी पल्स येतात, आणि व्होल्टेज मात्र पुरेसं येत नाही. तरी 'जळलाय' म्हणावं इतकं तिथे नक्की काही दिसत नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही चार तक्रारी एका दमात सांगितल्या आहेत आणि मेकॅनिकने चारींना एकच औषध दिलंय. माझ्या मते इथे निदान तीन वेगळे आजार आहेत. इंधनाच्या काट्याचा चार्जिंगशी काही संबंध नाही. टॅकोमीटरच्या ६,६०० चा तर बहुधा बिघाडाशीच संबंध नाही. त्याच्याकडे नंतर येतो, कारण तो आकडा वाचताच मला हसू आलं.

आधी बॅटरी. नवी आहे म्हणून ती चांगली आहे असं धरून चालू नका. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची ताकद कायमची घटते. तुमची नवी बॅटरी पहिल्या महिन्यापासून उपाशी आहे. तिला बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा, वायर सोडून काही तास तशीच ठेवा आणि मग मीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट आले तर ठीक. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२ म्हणजे जवळपास रिकामी. पूर्ण चार्जिंगनंतरही १०.५ च्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल मेलाय. प्रत्येक सेलचे साधारण २.१ व्होल्ट असतात, त्यामुळे हिशोब सरळ आहे. मग सेल्फ मारताना मीटर बॅटरीवरच धरा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी भाराखाली टिकत नाही, ती बदलल्याशिवाय पुढचं एकही माप विश्वासाचं नाही.

बॅटरी बाहेर चार्ज करायला सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. आउटबोर्डचा अल्टरनेटर, म्हणजे स्टेटर आणि फ्लायव्हीलच्या चुंबकांची जोडी, हा चार्जर नव्हे. सेल्फ मारताना गेलेला थोडा करंट परत भरावा आणि थोडी उपकरणं चालवावीत, एवढ्यासाठीच तो बनवलेला असतो. सपाट झालेली बॅटरी त्याच्या गळ्यात बांधली तर तो तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो, तापतो, आणि व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या रेग्युलेटरलाही तापवतो.

आता मशीन चालू करून घ्यायची मापं. मशीन पाण्यात हवं किंवा फ्लशिंग मफ (नळाची नळी जोडून मशीनच्या पाणी ओढायच्या जाळीवर बसवायचे रबरी कप) लावून पाणी चालू हवं. कोरड्यावर काही सेकंदांतसुद्धा पंपाचं इंपेलर खराब होऊ शकतं. मफवर असताना रेस वाढवायची नाही. मधल्या आरपीएमचं माप होडी पाण्यात असताना, दुसरा माणूस सुकाणावर बसवूनच घ्या. झाकण उघडं ठेवून फ्लायव्हीलजवळ हात नेणार असाल तर सैल बाही, गळ्यातला दोरा, मोकळे केस यातलं काही नको. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी त्याचा शोध घ्या, मीटर नंतर.

मीटर डीसीवर ठेवा आणि प्रोब थेट बॅटरीच्या खांबांवर लावा. पॅनलवरच्या काट्याकडे सध्या बघूच नका. मशीन बंद असतानाचा आकडा लिहून ठेवा. चालू करून साधारण २,००० ते ३,००० आरपीएमला पुन्हा बघा. रेग्युलेटर असलेल्या धडधाकट मशीनवर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. बंद असताना जेवढे होते तेवढेच राहिले, किंवा हळूहळू घसरत गेले, तर चार्जिंग बॅटरीपर्यंत पोचत नाही. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर काम सोडून बसलाय आणि तो बॅटरी उकळवतोय. जुन्या लहान मशीनांत मात्र रेग्युलेटर नसतोच, एसीचं डीसी करणारा नुसता रेक्टिफायर असतो. तिथे भरलेल्या बॅटरीवर जास्त रेसला १५ च्या पुढे जाणं हा बिघाड नसतो, तशी रचनाच असते. अशा मशीनला पाणी घालायची साधी बॅटरीच बरी, सीलबंद नको. तुमच्या मशीनला यातलं काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, कारण त्यावर पुढचा सगळा अर्थ बदलतो.

समजा आकडा वाढला नाही. इथे बहुतेक जण स्टेटरकडे धावतात. तुम्ही आधी मशीनकडे जा आणि सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणाऱ्या रिलेवर) जिथे बॅटरीची जाड लाल केबल येते, त्या खांबावर लाल प्रोब लावा. काळा प्रोब मशीनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या स्वच्छ जागी. इथे १४.४ आणि बॅटरीवर १२.६ असे आकडे आले तर स्टेटर, रेक्टिफायर, रेग्युलेटर सगळे निर्दोष सुटले. मधले १.८ व्होल्ट केबल, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), फ्यूज किंवा बॅटरी स्विचने खाल्ले.

ही जागा मला महत्त्वाची वाटते, म्हणून थोडा थांबतो. रेग्युलेटरला बॅटरी दिसत नाही. त्याला दिसतं ते स्वतःच्या तोंडाशी असलेलं व्होल्टेज. वाटेत एक गंजलेला जोड असला की तिथे व्होल्टेज तुंबतं, रेग्युलेटरला वाटतं बॅटरी भरली, आणि तो हात आखडता घेतो. म्हणजे सगळे भाग चांगले, प्रत्येक जण आपलं काम चोख करतोय, आणि बॅटरी तरी उपाशी. खाऱ्या पाण्यावरच्या होड्यांत चार्जिंगच्या तक्रारीचं हे कारण फार वेळा निघतं, आणि नवा स्टेटर घालून ते जात नाही. सुरुवातीला गेल्यासारखं वाटतं कधीकधी, कारण काम करताना मेकॅनिकने जोड सोडून पुन्हा आवळलेले असतात.

वाटेतला हा व्होल्टेज ऱ्हास पकडायची रीत सोपी आहे. मशीन चालू, उपकरणं चालू. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरा सोलेनॉइडच्या त्या खांबावर. मीटर थेट दोघांमधला फरक दाखवतो. ०.३ व्होल्टपर्यंत चालवून घ्या, त्यावर शोध घ्या. निगेटिव्हकडेही तेच, बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते ब्लॉक, तिथे ०.२ च्या वर मला आवडत नाही. मग एक प्रोब जागेवर ठेवून दुसरा एकेक जोड पुढे सरकवत या, जिथे आकडा उडी मारेल तिथे चोर. प्रोब थिंबलवर नव्हे, खांबाच्या मूळ धातूवर टेकवायचा, नाहीतर नेमका खराब जोडच मापातून सुटतो. एक-दोन तास मशीन चालल्यावर जोडांना हात लावून बघा. कोमट लागणारा जोड संशयित.

थिंबल वरून चकचकीत असली म्हणून फसू नका. तिच्या मागची वायर दाबून बघा. आत करकर वाजली किंवा ताठ लागली तर इन्सुलेशन थोडं कापून तांब्याचा रंग बघा. काळं किंवा हिरवं असेल तर ओल आतून वर चढलीये, आणि पॉलिश पेपरने टोक घासून काही उपयोग नाही. स्वच्छ तांबं लागेपर्यंत वायर कापा, नवी थिंबल नीट क्रिंप करा, वरून आत गोंद असलेली हीट-श्रिंक चढवा. वायर नव्याने घ्यायची असेल तर कलई केलेल्या तांब्याची घ्या. आणि बॅटरीवर हाताने पिळायचे पंखांचे नट असतील तर ते काढून पान्याने आवळायचे षटकोनी नट लावा. लाटांच्या हादऱ्याने पंखांचे नट सैल होतात, आणि चालू मशीनवर क्षणभर बॅटरी सुटली की सगळं व्होल्टेज रेग्युलेटरच्या अंगावर जातं. तुमच्यात रेग्युलेटर खरोखर गेलेला निघाला, तर तो का गेला याचं उत्तर बहुधा अशाच एखाद्या सैल नटात सापडेल, आणि नट तसाच ठेवून नवा रेग्युलेटर लावणं म्हणजे त्यालाही त्याच वाटेने पाठवणं.

याच कारणासाठी मशीन चालू असताना बॅटरी स्विच 'ऑफ' करायचा नाही, आणि बॅटरीच्या वायरी उलट्या लावायच्या नाहीत. उलट्या लागल्या तर एका ठिणगीत रेक्टिफायरचे डायोड जातात. होडी सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने काय केलं असेल कोण जाणे. फ्यूज तर बघाच. काही मशीनांत चार्जिंगच्या वाटेवर वेगळा फ्यूज असतो आणि तो उडाला तरी सेल्फ छान चालतो, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

सोलेनॉइडवरसुद्धा व्होल्टेज वाढत नसेल, तरच मागे जायचं. स्टेटरच्या दोन वायरी रेक्टिफायर-रेग्युलेटरकडे येतात तो प्लग सोडा. मर्क्युरी आणि जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये त्या पिवळ्या किंवा पिवळ्यावर पट्टा असलेल्या असतात, यामाहात हिरव्या. इथे गोंधळ नको, कारण यामाहात पिवळी वायर चावीनंतरच्या १२ व्होल्टची असते. आधी प्लगच बघा. पिन तपकिरी झाली असेल, प्लास्टिक वितळलं असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. मग मशीन बंद ठेवून मीटर ओहमवर. दोन वायरींमध्ये अगदी कमी रोध दिसायला हवा, बऱ्याच मशीनांत एक ओहमच्याही खाली. नेमका आकडा मॅन्युअलचा धरा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध बघा आणि तो वजा करा, नाहीतर ०.४ च्या मापात ०.३ ची चूक घेऊन बसाल. त्यानंतर प्रत्येक वायर ते ब्लॉक. इथे वाट पूर्ण तुटलेली हवी. काहीही रोध दिसला तर गुंडाळी अर्थ झालीये, आणि मग मेकॅनिक बरोबर.

ओहमचं माप थंड मशीनवर पास होऊन गरम झाल्यावर नापास होऊ शकतं, म्हणून तासभर चालवून पुन्हा घ्या. मॅन्युअल परवानगी देत असेल तर चालू मशीनवर सुट्या वायरींमधलं एसी व्होल्टेजही बघता येतं. ते रेसबरोबर चढत जायला हवं. मोकळ्या टोकांवर ते झटका बसण्याइतकं जाऊ शकतं, त्यामुळे बोटं लांब. एसी व्यवस्थित आणि डीसी नाही, तर दोष रेक्टिफायरचा. नुसता रेक्टिफायर असेल तर मीटरच्या डायोड टेस्टवर प्रत्येक डायोड एका बाजूने ०.४ ते ०.७ दाखवेल, उलट बाजूने काहीच नाही. दोन्हीकडून दाखवणारा किंवा दोन्हीकडून गप्प बसणारा गेला. रेग्युलेटर एकत्र असलेल्या डब्यात मात्र आत इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि ही चाचणी त्याच्यावर भरवशाची नाही. फ्लायव्हीलच्या कडेखालून टॉर्चने डोकवा. स्टेटरवरचं रेझिन वितळून तपकिरी ओघळ आलेले दिसले तर कुठल्याही मीटरपेक्षा तो बोलका पुरावा, आणि तेव्हा बिनधास्त बदला.

हे सगळं करून बॅटरीवर १४ च्या आसपास छान व्होल्ट दिसले आणि बॅटरी तरी उतरतेच, असंही होऊ शकतं. तुमच्या पत्रातलं गळ ओढत फिरण्याचं वाक्य त्या दृष्टीने फार मोलाचं आहे. तुम्ही दिवसभर हळू वेगात फिरता. जुन्या मध्यम आउटबोर्डचा अल्टरनेटर पूर्ण आरपीएमला ६ ते २० अँपिअरच्या दरम्यान काहीतरी देतो, आयडलजवळ त्यातला छोटा हिस्साच. फिश फाइंडरचा एक अँपिअर, पंपाचे तीन, दिव्याचा एक धरा, झाले पाच. मशीनने आयडलला दोनच दिले तर सतत तीन अँपिअर बॅटरीतून जाताहेत. आठ तासांत २४ अँपिअर-तास गेले, सेल्फचा करंट वेगळाच. यात कुठलाही भाग बिघडलेला नाही, जमाखर्च जमत नाही एवढंच. पंप टायमरवर लावा, दिवे एलईडी करा, उपकरणांना वेगळी बॅटरी द्या, किंवा परतताना अर्धा तास बऱ्या वेगाने या. किनाऱ्यावर आल्यावर चार्जर लावायची सवय मात्र यातल्या सगळ्यांपेक्षा उपयोगी.

होडी उभी असताना रात्रीत बॅटरी उतरते का तेही एकदा तपासा. सगळं बंद करून निगेटिव्ह केबल काढा आणि मधे मीटर अँपिअरवर लावा. काही मिलीअँपिअर ठीक, अर्धा अँपिअर ठीक नाही. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. होडीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच अर्धवट अडकलेला असणं हे जुनं दुखणं आहे.

आता पॅनल. व्होल्टमीटरचा काटा १२.२ वर, ही तुमची सर्वात कमकुवत साक्ष. तो काटा बॅटरीचं नव्हे, स्वतःच्या पाठीवर पोचलेलं व्होल्टेज सांगतो. तिथपर्यंत करंट येतो तो मशीनच्या हार्नेसमधून, प्लगमधून, चावीतून आणि मग जांभळ्या वायरीने एका घड्याळावरून दुसऱ्यावर उड्या मारत. चावीचा संपर्क झिजला असेल तर एक-दीड व्होल्ट वाटेतच जातो. घड्याळाच्या मागे 'आय' (चावीकडून येणारा करंट) आणि 'जी' (अर्थ) खांबांवर मीटर लावा आणि त्याच क्षणी बॅटरीवर किती आहेत ते बघा. काळा प्रोब 'जी'वरून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर नेला आणि आकडा वाढला, तर दोष काळ्या वायरीत. नाही वाढला तर जांभळ्या बाजूला. दिवे लावले की सगळे काटे एकदम हलत असतील तर मीटरचीही गरज नाही, अर्थिंग खराब आहे.

टॅकोमीटर ६,६०० दाखवतो आणि मर्यादा ५,५००. भागून बघा: बरोबर १.२, म्हणजे सहा भागिले पाच. टॅकोमीटरच्या पाठीमागे एक बारीक फिरता स्विच असतो, त्यावर ४, ५, ६ असे आकडे. एका फेऱ्यात किती पल्स मोजायचे हे तो सांगतो. अल्टरनेटरला १२ पोल (चुंबकाचे ध्रुव) असतील तर फेऱ्याला सहा पल्स येतात. स्विच पाचवर असला तर टॅकोमीटर प्रत्येक आकडा २० टक्के फुगवून दाखवतो. पॅनल बहुधा नंतर बसवलेलं आहे किंवा टॅकोमीटर दुसऱ्या मशीनवरून आलाय. मॅन्युअलमध्ये पोल किती ते बघा, निम्मे करा, चावी बंद ठेवून स्विच त्या आकड्यावर आणा. आणि आणताना तो मागे-पुढे दहा-बारा वेळा फिरवा. या स्विचच्या संपर्कावर गंज चढतो आणि मग काटा मधेच शून्यावर पडतो, टिचकी मारली की उठतो. तुमचं वर्णन अगदी तसंच आहे, त्यामुळे टॅकोमीटरच्या दोन्ही तक्रारी एकाच स्क्रूड्रायव्हरने मिटतील असं मला वाटतं.

मिटल्या नाहीत तर काटा पडेल त्या क्षणी बॅटरीवरचं व्होल्टेज बघायला दुसऱ्याला सांगा. काट्याबरोबर व्होल्टेजही पडलं, तर दोष मशीनकडे आहे, स्टेटर ते रेग्युलेटर या पट्ट्यात. व्होल्टेज जागेवर राहिलं, तर टॅकोमीटरकडे पल्स नेणाऱ्या करड्या वायरीत किंवा टॅकोमीटरमध्येच. तोवर ६,६०० च्या भरवशावर प्रोपेलर मात्र बदलू नका. प्रोपेलरचा पिच (एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकतो ते अंतर) एक इंच वाढवला की साधारण १५० ते २०० आरपीएम कमी होतात. खोटा आकडा खाली आणायला तुम्ही सहा-सात इंच वाढवाल आणि चांगलं मशीन भाराखाली घुसमटेल.

इंधनाच्या काट्याची परीक्षा पॅनलमागेच करा, टाकीवर ठिणगी नको. चावी बंद, घड्याळाच्या 'एस' खांबावरची गुलाबी वायर काढा, कुठे टेकणार नाही अशी धरा, चावी चालू करा. अमेरिकी पद्धतीचा सेंडर (टाकीतला पातळी मोजणारा भाग) रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्याला ३३ ओहम देतो, म्हणून वायर सुटली की काटा रिकाम्यावर पडायला हवा. युरोपीय पद्धतीत १० ओहम रिकामी आणि १८० भरलेली, तिथे सगळं उलटं. तुमचं अमेरिकी धरून सांगतो. वायर काढूनही काटा फुलवरच राहिला तर घड्याळ गेलं. पडला तर घड्याळ ठीक आहे, आणि एकतर गुलाबी वायर वाटेत कुठेतरी सोलून अर्थ झालीये किंवा सेंडरचा फ्लोट वर अडकलाय. सुटलेल्या गुलाबी वायरीपासून अर्थपर्यंत ओहम मोजा: ३३ च्या आसपास आले तर फ्लोट, जवळपास शून्य आले तर वायर. सेंडरची अर्थिंग तुटली असती तर काटा रिकाम्यावर बसला असता, त्यामुळे तिचा विचार इथे सोडून द्या. सेंडर नवा घेताना टाकीची खोली मोजून घ्या. पाच स्क्रूंची भोकं समान अंतरावर नसतात, तो एकाच दिशेने बसतो. ताकद लावली तर गॅस्केट फाटेल. टाकी उघडताना बॅटरी सोडलेली हवी, होडी उघड्यावर हवी. आणि काटा नीट होईपर्यंत दांडी बुडवून पेट्रोल बघत जा, 'फुल'वर विसंबून निघू नका.

पॅनलवर स्पीडोमीटर असेल तर त्याला या सगळ्यात ओढू नका. जुन्या पद्धतीचा स्पीडोमीटर विजेवर चालतच नाही. पाण्याखालच्या नळीतल्या दाबावर चालतो, आणि तो बंद पडला तर नळीचं तोंड बारीक तारेने साफ करायचं असतं.

राहिली लिथियमची गोष्ट. सध्या नको. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असतो. ती अल्टरनेटर जेवढा देईल तेवढा करंट पूर्ण भरेपर्यंत ओढत राहते. साधी बॅटरी भरत आली की तिची भूक आपोआप कमी होते आणि स्टेटरला श्वास मिळतो, इथे तो मिळत नाही. शिवाय तिच्या आतलं संरक्षक सर्किट कुठल्याही कारणाने चालू मशीनवर बॅटरी तोडू शकतं, आणि मग रेग्युलेटरचं तेच होतं जे सैल नटामुळे होतं. उपकरणांसाठी वेगळी लिथियम बॅटरी हवीच असेल तर मधे डीसी-डीसी चार्जर घाला, तो ठरलेल्या मर्यादेतच करंट ओढतो. मशीन सुरू करायला मात्र मशीनच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या क्रँकिंग क्षमतेची साधी सागरी लेड-ॲसिड बॅटरी घ्या. तीही आत्ता नव्हे, वरचा व्होल्टेज ऱ्हास मोजून झाल्यावर.